अंगठ्याची किंमत : मुंबईच्या गिरण्या आणि अपघात-भरपाईचा इतिहास

कामावर असताना शरीराला इजा झाली तर तिची भरपाई मागता येते, ही गोष्ट आज इतकी गृहीत धरली जाते की या हक्काला हिंदुस्थानात कायद्याचे रूप मिळून जेमतेम एक शतक झाले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. 'नुकसानभरपाई' या शब्दात दोन वेगळ्या कल्पना एकत्र नांदतात. एक म्हणजे ज्याच्या चुकीमुळे इजा झाली त्याने ती चूक भरून द्यावी ही न्यायाची कल्पना, आणि दुसरी म्हणजे चूक कोणाचीही असो, ज्याच्या कामापायी हात गेला त्याने हात गमावलेल्या माणसाच्या पोटाची सोय करावी ही निर्वाहाची कल्पना. पहिल्या कल्पनेत प्रश्न दोषाचा असतो, दुसरीत गरजेचा. मुंबईच्या गिरण्यांमधील अपघात-भरपाईचा इतिहास हा पहिल्या कल्पनेकडून दुसरीकडे झालेल्या संथ आणि अजूनही अपुऱ्या प्रवासाचा इतिहास आहे.

जखमेचे मोल ठरवण्याची रीत मराठी मुलखाला नवी नव्हती. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या चरित्राची जी बखर लिहिली, तीत अफजलखानाच्या मोहिमेनंतर कामी आलेल्या लोकांच्या मुलांना चालवल्याचे, ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिल्याचे, आणि जखमींना त्यांच्या जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्याचे नमूद आहे. पुढे पेशवाईच्या कागदपत्रांत 'बालपरवेशी' हा शब्द येतो. लढाईत पडलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या लेकरांच्या पालनपोषणासाठी सरकारातून मिळणारी नेमणूक, असा त्याचा अर्थ. यात विधवेचे निवृत्तिवेतन आहे, अनाथांचा सांभाळ आहे, आणि जखमेच्या प्रतीनुसार रकमेची चढउतारही आहे. म्हणजे विसाव्या शतकातील कायद्याची बहुतेक अंगे येथे बीजरूपाने दिसतात. मात्र ही व्यवस्था स्वामीने सेवकाला द्यायची होती, सेवकाने स्वामीकडून कोणापुढे दाद मागून वसूल करायची नव्हती, आणि ती शिपायासाठी होती; विहीर खणताना दरड अंगावर आलेल्या बेलदारासाठी नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यंत्र आले आणि अपघाताचे स्वरूपच पालटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. याच सुमारास, १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांसंबंधीचा कायदा हिंदुस्थानात लागू झाला. इंग्लंडमधील १८४६ च्या कायद्यावर बेतलेल्या या कायद्याने, दुसऱ्याच्या दोषामुळे एखादा मनुष्य मेला तर त्याच्या पत्नीला, मुलांना आणि आईवडिलांना दावा लावता येऊ लागला. कागदावर ही वाट मोठी दिसते. प्रत्यक्षात तिच्यावरून चालायचे तर दिवाणी न्यायालय, मुद्रांक शुल्क, वकील आणि साक्षीदार एवढे सगळे पदरी असावे लागे, आणि शिवाय मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. त्यातही इंग्रजी न्यायतत्त्वांनी मालकाच्या हाती तीन ढाली दिल्या होत्या. कामगाराने स्वतः थोडीशी जरी हयगय केली असली तरी दावा बुडे. काम धोक्याचे आहे हे ठाऊक असून त्याने ते पत्करले, म्हणून धोकाही पत्करला असे मानले जाई. आणि इजा सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाली असेल तर मालकावर तिची जबाबदारी नसे. तिसऱ्या तत्त्वाला 'समान नोकरीचे तत्त्व' म्हणत. त्याचा उगम १८३७ मधील एका इंग्रजी खटल्यात सांगितला जातो, ज्यात एका खाटकाच्या नोकराला बेसुमार लादलेली गाडी मोडल्यामुळे दुखापत झाली होती. शेकडो माणसे एका छपराखाली एकमेकांच्या हालचालींवर विसंबून काम करतात त्या गिरणीला हे तत्त्व लावले, तर जवळजवळ प्रत्येक अपघात कोणा ना कोणा सोबत्याच्या माथी मारता येतो.

गिरणीतले अपघात कसे होत हे समजायचे तर तेव्हाची यंत्ररचना डोळ्यांसमोर आणायला हवी. वाफेच्या एंजिनावर फिरणारा एक लांब दांडा छताखालून खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि त्याच्यावरून उतरणारे चामड्याचे पट्टे खालच्या प्रत्येक यंत्राला फिरवीत. एंजिन चालू आहे तोवर दांडा फिरतच राही. पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही सापडली की माणूस ओढला जाई. कापूस पिंजण्याच्या खात्यात वेगाने फिरणारी पाती आणि दातेरी रुळे असत, आणि त्यांत अडकलेला कापूस हाताने मोकळा करण्याची सवय बोटांवर बेते. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, मागाच्या या बाजूकडून त्या बाजूला सुसाट धावणारा धोटा कधी वाट सोडून उडाला तर समोरच्या साचेवाल्याच्या डोळ्यावर बसे. साचेवाल्याला मजुरी कापडाच्या हिशोबाने मिळत असल्यामुळे साचा थांबवला तर कमाई थांबे. म्हणून चालू यंत्र पुसण्याचा मोह होई. पुढे कायद्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' म्हणून ज्याची नोंद झाली, त्यातला बराचसा भाग या मजुरीच्या पद्धतीतच रुजलेला होता.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा यंत्रांना कुंपण घालण्याबद्दल आणि अपघात कळवण्याबद्दल बोलला, पण शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरताच, आणि जखमीच्या पोटाविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. तो शब्द प्रथम काढला तो खुद्द गिरणी कामगारांनी. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली, आणि मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यासाठी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, या चार मागण्या अनेकांना माहीत आहेत. शालेय पुस्तकांतून आणि भाषणांतून रविवारच्या सुटीची गोष्ट तर वारंवार येते. पाचव्या मागणीकडे मात्र इतिहासलेखकांचे लक्ष कमी गेले आहे, आणि ही उपेक्षा खटकणारी आहे. कामावर गंभीर इजा होऊन कामगार काही काळ निकामी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, अशी ती मागणी होती.

या मागणीची शब्दरचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. तीत मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट नाही. बोटाला इतके आणि पायाला इतके असा दर मागितलेला नाही. एकरकमी पैसेही मागितलेले नाहीत. मागितली आहे ती तात्पुरत्या इजेला पूर्ण पगाराची आणि कायमच्या इजेला जन्मभराच्या निर्वाहाची हमी. ज्या वर्षी परळला ही सभा झाली त्याच १८८४ च्या जुलैत जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने जगातला पहिला सक्तीचा अपघात विमा कायदा केला होता, ज्यात मालकांच्या संघांनी वर्गणी भरायची आणि पूर्णतः निकामी झालेल्या कामगाराला त्याच्या मजुरीच्या दोन तृतीयांश इतके वेतन मिळायचे, दोष कोणाचाही असो. मुंबईच्या कामगारांनी पूर्ण पगार मागितला होता, म्हणजे त्या घटकेला ते जर्मन कायद्याच्याही पुढे होते. आयोगाने त्यांचे बहुतेक म्हणणे बाजूला सारले. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला, आणि पाचवी मागणी त्यानंतरही तशीच पडून राहिली.

इंग्लंडने १८९७ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला आणि दोषाच्या तत्त्वाला मोठे खिंडार पडले. अपघात 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' घडला एवढे दिसले की मालक देणेकरी, अशी त्याची मांडणी होती, आणि हाच शब्दप्रयोग पुढे जसाच्या तसा हिंदुस्थानच्या कायद्यात उतरला. त्याला चालना मिळाली पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली, १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, आणि १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे नारायण मल्हार जोशी मध्यवर्ती विधिमंडळात मजुरांचे प्रतिनिधी म्हणून १९२१ पासून बसू लागले. कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला.

या कायद्याने मालकाच्या जुन्या तिन्ही ढाली बऱ्याच अंशी निकामी केल्या. दोष कोणाचा हा प्रश्न उरला नाही. दिवाणी न्यायालयाऐवजी नुकसानभरपाई आयुक्त नेमले गेले. कंत्राटदाराच्या हाताखालच्या मजुराला इजा झाली तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येईल, अशी दूरदर्शी तरतूद बाराव्या कलमात झाली. परंतु दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडणे किंवा यंत्रावरचे संरक्षक आवरण जाणूनबुजून काढणे, या कारणांनी भरपाई नाकारता येत असे. दहा दिवसांपर्यंतच्या इजेला काहीच नव्हते. शेतमजूर आणि घरकाम करणारे या कायद्याच्या बाहेर होते. आणि मुख्य म्हणजे रकमांना कमाल मर्यादा होत्या. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा एक चतुर्थांश, म्हणजे एकंदर निम्मा पगार, आणि त्यालाही पंधरवड्याला पंधरा रुपयांची मर्यादा.

कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे शेवटी जोडलेल्या तक्त्यात, शरीर अवयवाअवयवाने मांडलेले होते. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर कमाईची क्षमता शेकडा ७० गेली असे धरायचे, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यावर तुटला तर ६०, गुडघ्याखाली तुटला तर ५०. दोन्ही कानांनी ऐकू येणे कायमचे बंद झाले तर ५०. एक डोळा गेला तर ३०. अंगठा गेला तर २५. तर्जनी गेली तर १०. आणि तिच्याखेरीज दुसरे कोणतेही बोट गेले तर ५. या टक्क्यांना बेचाळीस महिन्यांच्या पगाराने गुणून रक्कम निघे. महिना तीस रुपये कमावणारा एखादा साचेवाला धरला, तर त्याचे संपूर्ण अपंगत्व १,२६० रुपयांचे ठरते, अंगठा ३१५ रुपयांचा, तर्जनी १२६ रुपयांची आणि करंगळी ६३ रुपयांची. तो मेला तर मागे राहिलेल्यांना ९०० रुपये. जिवंत पण निकामी माणसासाठी मेलेल्यापेक्षा जास्त रक्कम ठेवण्यामागे तर्क होता. निकामी माणसाला स्वतःलाही जेवायला लागते, मेलेल्याला लागत नाही. हिशोब म्हणून हे सगळे बिनचूक आहे. पण धागा तुटला की तो सांधण्याचे काम ज्या बोटांनी करायचे त्यांतले एक गेल्यावर साचेवाल्याची कमाई खरोखर शेकडा पाचानेच घटते का, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात नव्हते. अनुसूचीने माणसाच्या शरीराचे मोजमाप केले, त्याच्या कसबाचे केले नाही, आणि हा दोष पुढची पन्नास वर्षे छळत राहिला.

हक्क मिळाला तरी तो पदरात पाडून घेणे ही निराळीच गोष्ट होती. गिरणगावातला बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा यांसारख्या जिल्ह्यांतून आलेला. तो स्वतः चाळीतल्या खोलीत किंवा खानावळीच्या आधाराने राही, आणि बायकोमुले गावी असत. गिरणीत त्याची भरती, रजा आणि परत कामावर घेणे हे सारे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर चाले. खाडे झाले की जागेवर बदली कामगार उभा राहत असे, म्हणून जखमी माणसाला भरपाईपेक्षा जागा टिकण्याची चिंता अधिक. मालकाशी आपसात तडजोड करून थोडक्यात मिटवणे त्याला बरे वाटे, आणि लिहितावाचता न येणाऱ्याकडून अशा कागदावर अंगठा उठवून घेणे अवघड नव्हते. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून तडजोडीचा करार आयुक्तांकडे नोंदवला पाहिजे आणि रक्कम अपुरी दिसली तर आयुक्तांनी नोंदणी नाकारावी, अशी तरतूद केली होती. आणि मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हाती परस्पर न देता आयुक्तांकडेच भरायची होती. कामावर जखमी झालेल्या स्त्रीची एकरकमी भरपाईही तशीच आयुक्तांकडे भरायची होती. तिला अज्ञानांच्या पंगतीला बसवणारी ही तरतूद अपमानकारक होती, तरी नवऱ्याला किंवा दिराला परस्पर पैसे देऊन मोकळे होण्याची वाट तिने अडवली, हेही खरे.

मृत कामगाराच्या विधवेची वाट सर्वांत बिकट होती. अपघात जिथे घडला तिथल्याच आयुक्तांकडे अर्ज करायचा असे, म्हणजे कोकणातल्या खेड्यातल्या बाईने मुंबईला यायचे, लग्न शाबीत करायचे, मुलांची वये शाबीत करायची, आणि मयताची मजुरी किती होती ते त्याच्याच मालकाच्या पुस्तकातून शोधायचे. वारसांना आपल्या राहत्या ठिकाणच्या आयुक्तांकडे अर्ज करण्याची मुभा कायद्याच्या एकविसाव्या कलमात आली ती १९९५ च्या दुरुस्तीने. एवढी साधी सोय व्हायला एकाहत्तर वर्षे लागली, याचे समर्थन कोणत्याही प्रशासकीय अडचणीने होऊ शकत नाही.

१९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगावर ना. म. जोशी सभासद होते. कामगार स्वतःहून दाराशी येणार नाही, कायद्यानेच त्याच्याकडे गेले पाहिजे, हे आयोगानंतर झालेल्या १९३३ च्या दुरुस्तीत अंशतः मान्य झाले. प्राणघातक अपघाताची खबर मिळताच आयुक्तांनी आपण होऊन मालकाला नोटीस काढावी आणि मालकाने तीस दिवसांत जबाबदारी मान्य की अमान्य ते लेखी कळवावे, असे कलम तेव्हा आले. दहा दिवसांची अट सातवर आली. पुढे १९५९ मध्ये ती तीनवर आली. दिवाणी दाव्यांत 'समान नोकरीचे तत्त्व' मात्र १९३८ च्या मालक-दायित्व कायद्यापर्यंत तग धरून होते. संघटनेचे बळ असले तर या कायद्याचा उपयोग कसा होतो हे अहमदाबादच्या मजूर महाजनाने दाखवले. सभासदांचे भरपाईचे दावे लढवणे हा त्या संघटनेच्या रोजच्या कामाचा भाग होता.

अपघात डोळ्यांना दिसतो, रोग दिसत नाही. १९२३ च्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, पण ती शिसे आणि फॉस्फरस यांची विषबाधा आणि लोकर हाताळणाऱ्यांना होणारा अँथ्रॅक्स एवढीच. कापसाचा तूस वर्षानुवर्षे छातीत जाऊन जडणारा बिसिनोसिस हा दम्यासारखा विकार, जो पिंजण-खात्यातल्या कामगारांचा खास रोग, तो यादीत यायला अनेक दशके जावी लागली. या रोगाचे एक लक्षण असे की, सुरुवातीच्या काळात सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. लोखंड्यांच्या पिढीने मिळवलेल्या रविवारनंतर येणारा सोमवार म्हणजे कितीतरी कामगारांच्या दुखण्याचा वार होता, आणि हे दुखणे कामाचे की विडीचे, हा वाद त्यांच्याविरुद्ध घालता येत असे.

निर्वाहाची कल्पना प्रत्यक्ष कायद्यात आली ती विम्याच्या मार्गाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले, आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यात बाळंतपणाच्या आणि कामावरील इजेच्या लाभांचीही सांगड घालावी असे सुचवले, आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा अधिनियम झाला. योजना प्रथम फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली; मुंबईत ती १९५४ मध्ये आली. परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयाशी आणि उपनगरांतल्या 'कामगार हॉस्पिटलां'शी गिरणगावाच्या दोन-तीन पिढ्यांचा जो ऋणानुबंध आहे, तो या योजनेमुळे.

या योजनेने भरपाईचे रूप मुळापासून बदलले. देणेकरी एकटा मालक राहिला नाही. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून उभा राहिलेला निधी देणेकरी झाला. कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमी पैशांऐवजी जन्मभर दरमहा वेतन, आणि मृत्यूनंतर विधवेला व मुलांना नियमित लाभ मिळू लागला. एकरकमी पैशाला गावाकडचे कर्ज, मुलीचे लग्न आणि भाऊबंद अशा दहा वाटा फुटतात, दरमहाच्या पैशाला फुटत नाहीत. शिवाय या लाभासाठी अमुक दिवस नोकरी किंवा अमुक वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी हात गेला तरी लाभ मिळतो. परळच्या अर्जातील 'उदरनिर्वाहाची तरतूद' हे शब्द चौसष्ट वर्षांनी कायद्याच्या इतके जवळ आले. त्या बदल्यात विमाधारकाला मालकाविरुद्ध वेगळी भरपाई मागता येत नाही. दुसरीकडे अपंगत्वाचे प्रमाण आता वैद्यकीय मंडळ ठरवते, त्यावर अपील न्यायाधिकरण आणि विमा न्यायालय अशा पायऱ्या आहेत, आणि त्या चढताना कागद पुरे असावे लागतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे अपघात घडला त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत केलेली नोंद, आणि ती नोंद मालकाचा माणूस करतो.

कायद्याची अक्षरे जिथे कृपण होती तिथे न्यायालयांनी कधीकधी औदार्य दाखवले. मुंबईतील बेस्टच्या एका चालकाने जुलै १९५७ मध्ये काम संपवून आपली बस जोगेश्वरी आगारात सोडली आणि तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. घोडबंदर मार्गावर ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. काम संपले होते, मग हा अपघात 'नोकरीच्या ओघात' कसा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एवढ्या पसरलेल्या शहरात चालकांनी वेळेवर यावे-जावे म्हणून बसने प्रवासाची सोय सेवेच्या हितासाठीच दिलेली असल्यामुळे तो प्रवास नोकरीचाच भाग ठरतो, असा बहुमताचा निर्णय १९६३ मध्ये झाला आणि विधवेचा दावा टिकला. दुसरा निर्णय १९७५ च्या डिसेंबरातला. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. अनुसूचीप्रमाणे हे अपंगत्व आंशिक, म्हणजे शंभराहून कमी टक्क्यांचे. आयुक्तांनी मात्र सुतारकाम एका हाताने करता येत नाही, म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असे ठरवून ९,८०० रुपये दिले होते, आणि चार न्यायाधीशांच्या पीठाने ते उचलून धरले. १९२३ चा तक्ता कसबाकडे पाहत नव्हता. या निर्णयाने प्रथमच स्पष्टपणे शरीराऐवजी कामाचे मोजमाप केले, आणि म्हणून अपंगत्व-भरपाईच्या इतिहासात त्याचे स्थान कोणत्याही दुरुस्ती कायद्यापेक्षा वरचे मानले पाहिजे.

१९८४ पासून भरपाईचा हिशोब वयानुसार ठरणाऱ्या गुणकाने होतो, आणि २०१० पासून 'कामगार' हा शब्द जाऊन कायद्याच्या नावात 'कर्मचारी' आला. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७, महिना १५,००० रुपये पगार धरला आणि त्या पगाराच्या ६० टक्क्यांना गुणकाने गुणले, तर त्याचे संपूर्ण अपंगत्व १६,५७,५३० रुपयांचे होते, आणि अंगठ्याला आज शेकडा ३० टक्के धरतात, म्हणून अंगठा ४,९७,२५९ रुपयांचा. डाव्याउजव्यातला भेद गेला, दोन वर्षांपर्यंत अर्ज करण्याची मुदत मिळाली, उशिराबद्दल व्याज आणि दंड आला. परंतु गिरण्या बंद पडत गेल्या, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर विस्कटलेला हा कामगारवर्ग व त्याची पुढची पिढी भिवंडीचे यंत्रमाग, इमारतींची बांधकामे, मालवाहतूक अशा ठिकाणी पांगली, जिथे हजेरीपट आणि विम्याचे कार्ड या दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत. बाराव्या कलमाप्रमाणे कंत्राटी मजुराचा दावा मूळ मालकावर लागतो. पण मूळ मालक कोण हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने तो लावायचा कोणावर?

शेतीतल्या अपघातांसाठी महाराष्ट्र शासनाची जी योजना २०२३ पासून चालू आहे, तिच्यात मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास दोन लाख आणि एक अवयव गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे आणि ती वेळेवर पोचलीच पाहिजे. पण तिच्या नावात 'सानुग्रह अनुदान' हे शब्द आहेत, म्हणजे अनुग्रहाने, कृपेने दिलेले. शेतकऱ्याच्या तुटलेल्या हातासाठी मराठी राज्यकारभाराची भाषा अजून सभासदाच्या बखरीतल्या स्वामी-सेवकाच्या नात्यापाशीच थांबलेली आहे.

१८८४ च्या अर्जातील रविवार मिळाला, दुपारची विश्रांती मिळाली, कामाचे तास बांधले गेले, पगाराची तारीख कायद्याने ठरली. जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, ही पाचवी मागणी मात्र आजही पुरी झालेली नाही: राज्य विमा योजनेत त्याला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि जो त्या योजनेबाहेर आहे त्याला नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे १९२४ साली मिळत होता तेवढाच, निम्मा पगार मिळतो.